ओले एव्हिनरूड : होडीस यंत्र देणारा कारागीर

आगगाडी, आगबोट, विमान इत्यादी मोठ्या यंत्रांच्या जनकांची चरित्रे आपण शाळेच्या पुस्तकांतून वाचतो व त्यांची नावे आपणांस मुखोद्गत असतात. परंतु लहान माणसाच्या लहान कामास ज्यांनी हातभार लावला, अशा कारागिरांकडे आपले लक्ष सहसा जात नाही. कोकणपट्टीच्या एखाद्या बंदरावर सकाळी उभे राहिले असता, होडीच्या पिछाडीस अडकविलेले एक लहानसे यंत्र फटफट आवाज करीत तिला समुद्रात नेत आहे, असे दृश्य पुष्कळदा दिसते. हे यंत्र होडीच्या पोटात बसविलेले नसते. ते बाहेरून अडकवितात, आणि काम झाले की काढून घरी नेतात. म्हणूनच त्यास आउटबोर्ड मोटर असे म्हणतात. हे यंत्र सामान्य लोकांच्या हाती ज्याने खऱ्या अर्थाने दिले, त्या ओले एव्हिनरूड याचे चरित्र आमच्या विद्यार्थी वाचकांस व त्यांच्या पालकांस सादर करण्याचे आम्ही योजिले आहे. आपल्या भाषेत ओले या शब्दाचा अर्थ काय होतो, हे सांगावयास नकोच. ज्याचे सारे चित्त जन्मभर पाण्यावर जडलेले होते, त्यास हे नाव शोभून दिसते खरे!

ओले याचा जन्म १९ एप्रिल १८७७ रोजी नॉर्वे देशात ग्यॉव्हिक नावाच्या नगरानजीक एका शेतकरी कुटुंबात झाला. एव्हिनरूड हे मूळचे एका शेतवाडीचे नाव. तेच पुढे या कुटुंबाचे आडनाव झाले. त्या काळी नॉर्वेतील हजारो गरीब कुटुंबे नशीब काढण्यासाठी अमेरिकेस जात असत. ओले अवघ्या पाच वर्षांचा असता, १८८२ साली, हे कुटुंबही समुद्र ओलांडून अमेरिकेतील विस्कॉन्सिन प्रांतात केम्ब्रिज गावापाशी, रिप्ली सरोवराजवळ, शेती करून राहू लागले. त्या प्रवासात हा मुलगा वारंवार दिसेनासा होई, आणि शोध करता तो जहाजाच्या यंत्रशाळेत टक लावून उभा असलेला आढळे, अशी कथा सांगतात. मुलाचा कल कोणीकडे आहे, याची खूण त्या वयातच पटली होती म्हणावयाची.

ओले याचे शालेय शिक्षण फारसे झाले नाही. घरची गरिबी व शेतीची कामे यांमुळे त्याची शाळा लवकरच सुटली. परंतु नांगर, मळणीयंत्र, गाडीचे चाक, काहीही मोडो, ते दुरुस्त करावयास हा मुलगा सर्वांच्या पुढे. होड्यांचे वेड तर त्याच्या अंगी उपजतच होते. शेतीवर जगणाऱ्या बापास हे वेड मुळीच पसंत नव्हते. ओले याने चोरून तयार केलेले होडीचे भाग बापाने एकदा जाळून टाकले, तरीही मुलाने धीर न सोडता ते पुन्हा घडविले व दुसरीकडे दडवून ठेविले, असे त्याच्या चरित्रकारांनी लिहून ठेविले आहे. शेवटी ती शिडाची होडी रिप्ली सरोवरावर तरंगू लागली, तेव्हा बापाचा राग ओसरला. केवळ हट्टाने हे झाले नसते. जळालेली वस्तू पूर्वीपेक्षा अधिक नेटकी करून दाखविण्याचे कसब अंगी होते, म्हणून झाले.

सोळाव्या वर्षी घर सोडून ओले मॅडिसन शहरी गेला व शेतीच्या अवजारांच्या एका कारखान्यात नोकरीस राहिला. दिवसा कारखान्यात राबावे व रात्री गणिताची आणि यंत्रशास्त्राची पुस्तके स्वतःच वाचून समजावून घ्यावीत, असा त्याचा क्रम असे. पुढे पिट्सबर्ग व शिकागो येथील कारखान्यांत त्याने पोलाद आणि यंत्रे यांचे काम जवळून पाहिले. १९०० च्या सुमारास तो मिलवॉकी शहरी स्थायिक झाला. ओतकामासाठी लाकडी नमुने करण्याच्या कामात त्याचा हातखंडा होता. ही विद्या कशी असते, हे विद्यार्थ्यांनी समजून घेतले पाहिजे. लोखंड वितळवून ओतावयाचे तर आधी त्या वस्तूचा हुबेहूब लाकडी नमुना करावा लागतो, व थंड होताना धातू आकसतो म्हणून तो नमुना किंचित मोठा धरावा लागतो. केसाएवढी चूक झाली तरी सबंध ओतीव फुकट जाते. या शिस्तीत ओले याचा हात तयार झाला.

त्याच सुमारास पेट्रोलवर चालणारी यंत्रे जगभर गाजू लागली होती. ओले यासही तोच ध्यास लागला. राहत्या घरी यंत्रे चालवून त्याने घरमालकिणीस सळो की पळो केले, असे सांगतात. भागीदारीत त्याने यंत्रे करण्याचे धंदे काढले; परंतु हिशेब, पत्रव्यवहार, वसुली या बाबतींत तो अगदीच भोळा असल्यामुळे ते टिकले नाहीत. या अडचणीच्या काळात त्यास बेस केरी नावाच्या बुद्धिमान तरुणीचे साह्य लाभले. ती त्याच्या कारखान्याच्या शेजारीच राहत असे. तिने त्याची पत्रे लिहून देण्यास व वह्या नीट लावण्यास आरंभ केला, आणि १९०६ साली ती त्याची पत्नी झाली.

आता त्या प्रसिद्ध गोष्टीकडे वळू. १९०६ च्या सुमारास उन्हाळ्याच्या एका दिवशी ही मंडळी मित्रांसह ओकाउची सरोवराच्या काठी वनभोजनास गेली होती. उष्मा अतिशय होता. बेस हिला आइस्क्रीम खावेसे वाटले. ओले होडीत बसला व वल्ही मारीत सरोवरापलीकडील दुकानातून ते घेऊन आला. परंतु परत येता येता आइस्क्रीमचे पाणी झाले! घामाघूम होऊन वल्ही मारीत असता, होडीच्या मागे एखादे यंत्र अडकविता आले तर किती बरे होईल, हा विचार त्याच्या मनात आला, अशी ही कथा आहे. कथा म्हटली की तीवर थोडाफार रंग चढावयाचाच. शिवाय होडीस बाहेरून यंत्र जोडण्याची कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. पॅरिस येथे गुस्ताव्ह त्रूव्हे याने १८८१ साली विजेचे असे यंत्र सेन नदीवर चालवून दाखविले होते, आणि डेट्रॉइटच्या कॅमेरॉन वॉटरमन याने १९०५ च्या सुमारास पेट्रोलचे यंत्र तयार करून विक्रीसही आणिले होते. तेव्हा एव्हिनरूड यास पहिला शोधक म्हणणे न्यायाचे होणार नाही. ज्याचे श्रेय त्यास द्यावे, हे चरित्रलेखकाचे कर्तव्य होय. एव्हिनरूडचे श्रेय निराळे आहे, आणि ते काही कमी नाही. असे यंत्र भरवशाने चालावे, साध्या माणसास वापरता यावे व खिशास परवडावे, या तिन्ही गोष्टी त्याने साधल्या.

त्याचे पहिले यंत्र पाहून बेस हिने त्यास कॉफी दळण्याच्या यंत्राची उपमा दिली होती, म्हणे! परंतु त्या ओबडधोबड रूपात पुढील सर्व यंत्रांची ठेवण होती. वर आडवा सिलिंडर, त्याच्या माथ्यावर फिरणारे जड चाक, त्यातून सरळ खाली पाण्यात उतरणारा दांडा, आणि तळाशी दातेरी चाकांनी गती वळवून फिरविलेला पंखा. सुधारलेले यंत्र १९०९ साली विक्रीस निघाले. त्याची शक्ती दीड अश्वशक्ती, वजन ६२ पौंड, म्हणजे सुमारे २८ किलो, आणि किंमतही ६२ डॉलर. २२ ऑगस्ट १९११ रोजी त्यास या रचनेचे पेटंट मिळाले. वल्ही फेकून द्या व हे यंत्र घ्या, अशा आशयाची चटकदार जाहिरात बेस हिने स्वतः लिहून वर्तमानपत्रांत दिली, आणि मागण्यांचा नुसता पाऊस पडला. नॉर्वे, डेन्मार्क या देशांतील कोळ्यांपर्यंत ही यंत्रे जाऊन पोहोचली. ज्या देशातून गरिबीमुळे बाहेर पडावे लागले, त्याच देशाच्या किनाऱ्यास या मुलाने वल्ह्यांच्या कष्टातून सोडविले!

परंतु सुखाचे दिवस फार टिकले नाहीत. कारखान्याचा व्यवहार, पत्रे, घर व लहानगा मुलगा राल्फ यांचा भार वाहता वाहता बेस हिची प्रकृती ढासळली. तेव्हा ओले याने मनाचा हिय्या करून, १९१४ च्या सुमारास, आपला सारा हिस्सा ख्रिस मेयर या भागीदारास विकला. शर्त अशी होती की, पाच वर्षे त्याने या धंद्यात पडू नये. आपल्या नावाचा भरभराटीस आलेला कारखाना पत्नीच्या प्रकृतीसाठी सोडून देणे, ही गोष्ट सामान्य नव्हे. त्याने ती केली, आणि पत्नी व मुलगा यांना घेऊन प्रवासास निघाला.

प्रवासातही त्याचे डोके स्वस्थ नव्हते. जुने यंत्र जड होते. एका सिलिंडरमुळे ते होडीस हादरे देई. ओले याने दोन सिलिंडरांचे, बहुतांशी ॲल्युमिनियमचे, हलके यंत्र योजिले. दोन सिलिंडर समोरासमोर ठेवावयाचे व त्यांचे दट्टे एकाच वेळी बाहेर आणि एकाच वेळी आत यावयाचे, म्हणजे एकाचा धक्का दुसरा परस्पर खाऊन टाकतो. शक्ती सुमारे तीन अश्वशक्ती, म्हणजे पहिल्याच्या दुप्पट, आणि वजन मात्र पहिल्याहून कमी. मुदत संपल्यावर हा नमुना त्याने जुन्या भागीदारापुढे ठेविला. परंतु मेयर याने तो नाकारला. तेव्हा १९२१ च्या सुमारास ओले व बेस यांनी नवा कारखाना काढला. येथे एक चमत्कारिक अडचण उभी राहिली. एव्हिनरूड हे नाव तर विकले गेलेले! आपल्या मालावर आपलेच नाव घालण्याची चोरी! तेव्हा नव्या यंत्राच्या इंग्रजी वर्णनातील चार शब्दांची आद्याक्षरे जुळवून एल्टो असे नाव ठेविले गेले. बाजारात एका बाजूस एव्हिनरूड नावाचे यंत्र व दुसऱ्या बाजूस खुद्द एव्हिनरूड, असा सामना काही वर्षे चालला; आणि लोकांनी नावाकडे न पाहता गुणाकडे पाहिले. १९२८ साली एल्टोचे चार सिलिंडरांचे यंत्र निघाले. पुढल्याच वर्षी, १९२९ साली, एल्टो, एव्हिनरूड व लॉकवुड हे तीन कारखाने एक झाले आणि ओले हा त्या संयुक्त कंपनीचा अध्यक्ष झाला. गेलेले नाव त्यास पंधरा वर्षांनी परत मिळाले.

येथे या यंत्राच्या अंतरंगाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. कारण सिलिंडर वाढले तशी एक नवी विद्या जन्मास आली. पेट्रोल जसेच्या तसे जळत नाही. त्याचे बारीक तुषार हवेत मिसळावे लागतात. हे काम करणारे पात्र म्हणजे कार्ब्युरेटर. त्याच्या गळ्यातून हवा वेगाने आत ओढली जाते, तेथे दाब कमी होतो, व बारीक छिद्रातून पेट्रोल वर येऊन हवेबरोबर निघून जाते. गळ्यात एक चकतीसारखी झडप असते. ती जितकी उघडावी तितके मिश्रण अधिक व वेग अधिक. झडप जवळजवळ मिटली असता यंत्र ज्या अगदी सावकाश गतीने चालत राहते, तिला मंदचाल म्हणू. ही मंदचाल साधणे दिसते तितके सोपे नाही. ती फार कमी ठेवावी, तर धक्क्यास होडी लागत असता नेमके यंत्र बंद पडते, आणि लाट होडीस खडकावर नेते. ती फार जास्त ठेवावी, तर मागेपुढे जाण्याचा दांडा टाकताच दातेरी चाके खाडकन आदळून झिजतात, होडी उसळी घेते व उभा असलेला माणूस पाण्यात पडतो. कारखानदार आपल्या पुस्तकात हा आकडा देतात. तो पुष्कळ यंत्रांत मिनिटास सहाशे ते आठशे फेऱ्यांच्या आसपास असतो.

ओले याच्या समोरासमोरच्या दोन सिलिंडरांस एकच कार्ब्युरेटर पुरे होई. परंतु पुढच्या काळात अनेक सिलिंडरांच्या यंत्रांस दोन, तीन किंवा अधिक कार्ब्युरेटर आले, आणि त्या सर्वांत मेळ घालण्याचा प्रश्न उपस्थित झाला. एकाची झडप आधी उघडली व दुसऱ्याची मागाहून, तर एक सिलिंडर सारा भार वाहतो व दुसरा नुसता ओढत नेला जातो. यंत्र थरथरते, धूर सोडते व पेट्रोल पिते. म्हणून जाणता कारागीर पुढील क्रमाने काम करतो. प्रथम तो ठिणगीची पुडी, म्हणजे प्लग, पाहतो व प्रत्येक सिलिंडरचा दाब तपासतो. कारण मूळ दोष तेथे असेल तर कार्ब्युरेटरचे स्क्रू फिरवून काही हाती लागत नाही. मग यंत्र बंद ठेवूनच झडपांना जोडणारी दांडी तो सैल करतो, सर्व झडपा पुरत्या मिटू देतो, आणि मगच दांडी घट्ट करतो. दांडी हलविताच सर्व झडपा एकाच क्षणी हलल्या पाहिजेत, व शेवटास सर्व सारख्याच पुऱ्या उघडल्या पाहिजेत. झडप उघडते त्याबरोबर ठिणगीची वेळही पुढे सरकावी लागते. तो मेळ पुस्तकातील खुणांप्रमाणे जुळवावा लागतो.

त्यानंतर मिश्रणाच्या सुईची पाळी. ती हलक्या हाताने तळास टेकवून, पुस्तकात सांगितले असेल तितके वेढे मागे घ्यावयाची. जोराने आवळली तर सुईचे टोक कायमचे बिघडते. यंत्र पुरते गरम झाल्यावर एकेक सुई थोडीशीच फिरवून, क्षणभर थांबून, कान देऊन ऐकावयाचे. पेट्रोल कमी झाले तर यंत्र शिंकल्यासारखे करते. अधिक झाले तर ते जड होते व धुरकटते. या दोन ताली यंत्रांत वंगणाचे तेलही पेट्रोलबरोबरच आत जाते. म्हणून पेट्रोलाची फाजील काटकसर केली तर तेलही कमी पडते व दट्ट्या तापून अडकतो. यास्तव जाणते लोक मिश्रण किंचित भरघोसच ठेवतात. सरतेशेवटी मंदचालीचा स्क्रू; आणि तो होडी धक्क्यास घट्ट बांधून, पंखा पाण्यात फिरत असता लावावयाचा असतो. भाराशिवाय लावलेली चाल भार पडताच ढासळते. यंत्र कोरडे तर क्षणभरही चालवू नये. थंड पाणी खेचणारा रबरी पंखा त्याने जळून जातो. फिरत्या पंख्याजवळ हात नेऊ नये व पेट्रोलाजवळ विस्तव आणू नये, हे मुलांस वेगळे सांगणे न लगे.

इतका तपशील आम्ही मुद्दाम दिला आहे. ज्या माणसाने लाकडी नमुन्यांत केसाएवढी चूक न करण्याचे व्रत घेतले, त्याच्या यंत्रास सांभाळावयासही तेच व्रत लागते, ही गोष्ट त्यावरून लक्षात यावी.

ओले याच्या अखेरच्या दिवसांत देशावर मोठी मंदी आली. यंत्रांचा खप घटला. अशा स्थितीत त्याने कंपनी नेटाने सांभाळली. परंतु १९३३ च्या मे महिन्यात बेस निवर्तली, आणि त्याचा जणू आधारच तुटला. १२ जुलै १९३४ रोजी, वयाच्या ५७ व्या वर्षी, ओले एव्हिनरूड हाही मिलवॉकी येथे मृत्यू पावला. त्याचा मुलगा राल्फ याने धंदा पुढे चालविला, आणि १९३६ साली प्रतिस्पर्धी जॉन्सन कारखानाही त्यास येऊन मिळाला. काळ कोणासाठीच थांबत नाही. ती मोठी कंपनी २००० च्या डिसेंबरात दिवाळखोरीत गेली. पुढे दुसऱ्या मालकाकडे एव्हिनरूड नावाची यंत्रे निघत राहिली, व २०२० साली तीही निघण्याचे थांबले. कारखाने येतात व जातात. तथापि होडीच्या पिछाडीस लावलेल्या यंत्राची जी ठेवण या कारागिराने लोकांत रूढ केली, ती आजही जगातील सर्व किनाऱ्यांवर पाण्यात उभी आहे.

या चरित्रापासून आमच्या विद्यार्थ्यांनी काय घ्यावे? शाळा सुटली तरी शिकणे सुटू नये, हे तर उघडच आहे. परंतु आमच्या मते त्याहूनही एक मोठा धडा येथे आहे. ओले याच्या हाती यंत्र होते, पण व्यवहार नव्हता. बेस हिच्या पाशी व्यवहार होता, लेखणी होती, धैर्य होते. एकट्याने काढलेले धंदे बुडाले. दोघांनी मिळून काढलेले दोन्ही तरले. अनेक कार्ब्युरेटरांच्या यंत्रात प्रत्येक झडप योग्य क्षणी व योग्य प्रमाणात उघडली, तरच नाव सुरळीत चालते. कोणी फार पुढे धावू नये व कोणी मागे लोंबकळू नये. घरात, वर्गात व गावातही हेच खरे आहे. आपापला वाटा दुसऱ्याच्या वाट्याशी मेळ घालून उचलण्याची सवय आमच्या मुलामुलींनी शाळेतच लावून घ्यावी, आणि आईबापांनी त्यांच्या हातातील वेडीवाकडी होडी विस्तवात टाकण्यापूर्वी क्षणभर थांबून तिच्याकडे नीट पाहावे, एवढीच आमची विनंती आहे.